खंड्याची फेरी

कुत्र्यांशी सलगी करणारे आणि कुत्र्यांपासून चार हात दूर राहणारे असे मनुष्यजातीचे दोन वर्ग पाडले, तर माझी गणना वयाच्या आठव्या वर्षापासून दुसऱ्या वर्गात होत आली आहे. त्याला कारणही तसेच घडले. शाळेतून परतताना आळीच्या तोंडाशी निजलेल्या एका पिवळ्या कुत्र्याच्या शेपटीवर माझा पाय पडला आणि त्याने माझ्या पोटरीवर आपली मुद्रा तत्काळ उमटविली. त्या काळी कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. आजोबांचे बोट धरून मी चौदा दिवस दवाखान्याची वारी केली. तेव्हापासून रस्त्यात कुत्रे दिसले की माझे पाय आपोआप दुसऱ्या बाजूस वळत. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्याकडे २००५च्या सुमारास बंद झाली. आता मोजकी इंजेक्शने दंडावर घेऊन भागते. मात्र जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये, एवढे ज्याच्या घरी मुले आहेत त्याने ध्यानात ठेवावे. लस बदलली, परंतु माझी भीती बदलली नव्हती. अशा मला गेल्या माघात एक अख्खी सकाळ एका कुत्र्याच्या मागून हिंडावे लागले, आणि त्या हिंडण्यातून आमच्या घरातील एक मोठा प्रश्न सुटला. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

वाईपासून तीनएक किलोमीटरांवर कृष्णेच्या काठी मेणवली नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट यांमुळे ते पुष्कळांस ठाऊक असते. अलीकडे चित्रपटवाल्यांनीही त्या घाटाची ओळख दूरवर नेली आहे. त्याच गावी आमचे वडिलार्जित घर असून तेथे आमचे काका राहतात. काका टपालखात्यात होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांस आता चोवीस वर्षे झाली. त्यांना मूलबाळ नाही. पण आम्ही चौघे पुतणे त्यांच्याच मांडीवर वाढलो, आणि प्रत्येकाच्या शाळेच्या पुस्तकांवर त्यांच्याच वळणदार हातची नावे आहेत. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून त्या सोपा, माजघर, परसू असलेल्या ऐसपैस घरात काका आणि त्यांचा कुत्रा खंड्या असे उभयता असतात.

दिवाळीत आम्ही चौघे भाऊ एकत्र जमलो तेव्हा एकमताने ठराव झाला की, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने खेड्यात एकटे राहणे बरे नव्हे. काकांना पुण्यास आणावे. ठराव करणे सोपे होते. तो काकांच्या गळी उतरविण्याची शिष्टाई माझ्यावर सोपविण्यात आली. शिष्टाईचे काम श्रीकृष्णालाही साधले नव्हते, हे मी भावांच्या नजरेस आणून दिले. पण त्यांनी ते मनावर घेतले नाही. संक्रांत झाली, माघ उजाडला, आणि एका शनिवारी पहाटेची एस.टी. धरून, खंबाटकीचा घाट ओलांडून मी साडेआठाच्या सुमारास मेणवलीस पोहोचलो.

काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. उजव्या पायाला पट्टी बांधलेली होती. दोन दिवसांपूर्वी अंगणातच पाय मुरगळला, असे त्यांनी सांगितले. मी मनात म्हटले, शिष्टाईला मुहूर्त तर उत्तम लाभला! चहा होताच मी प्रस्तावनेला आरंभ केला. पुण्याचे डॉक्टर, तिसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली, उद्वाहकाची सोय, नातवंडांचा सहवास, अशी एकेक मुक्तामाळ मी गुंफीत गेलो. काकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पायाशी पसरलेल्या खंड्याकडे बोट दाखवून विचारले, "आणि याचे काय?"

मी म्हणालो, "यालाही नेऊ. कुत्रे पाळण्यास कोणतीही सोसायटी मनाई करू शकत नाही. तसे नियम आहेत."

"नियमाचे म्हणत नाही मी," काका म्हणाले. "नऊ वर्षे मोकळा हिंडलेला प्राणी तो. त्याला तू साखळीला बांधून उद्वाहकातून खाली-वर नेणार. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले रे! मी तर नुसता तिसरा मजला नाकारतो आहे."

महाप्रस्थानाच्या कथेचा असा उपयोग होईल हे माझ्या ध्यानी आले नव्हते. मी हरलो नाही. घाटावर टांगलेली ती मोठी घंटा मला आठवली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चांतल्या ज्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतलीच ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियमची आकृती अद्याप स्पष्ट दिसते. मी म्हणालो, "काका, आपल्या घाटावरची घंटासुद्धा समुद्रकाठाहून येथे आली आणि महादेवापुढे रुळली. मग तुम्हांला पुणे का रुळू नये?"

"घंटेला कोणी विचारले होते?" काका म्हणाले, आणि तो विषय त्यांनी तेथेच मिटविला. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "आलाच आहेस तर एक काम कर. दोन दिवस झाले, याची फेरी चुकली आहे. शेजारचा मुलगा नेत असे, पण त्याची परीक्षा आहे. तू याला हिंडवून आण."

मी हबकलो. माझ्या पोटरीची कथा काकांना ठाऊक नव्हती असे नाही. पण ते म्हणाले, "दोरी नको, काठी नको. तू त्याला नेऊ नकोस. तोच तुला नेईल. जेथे थांबेल तेथे थांब, उठला की ऊठ. अकराच्या आत परत येतो तो."

खंड्याचे वर्णन करावे असे त्याच्यात काही नाही. तांबूस रंग, एक कान उभा, एक मोडलेला, शेपटीला वाटोळे वळण; महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात असे चार कुत्रे पारावर बसलेले आढळतील. काकांच्या तिकिटांच्या संग्रहात २००५ साली निघालेली देशी कुत्र्यांची चार तिकिटे आहेत. मुधोळ, राजपालयम, रामपूर आणि हिमालयातला धनगरी कुत्रा असे चौघे त्यांवर ऐटीत उभे आहेत. "या चौघांत आमचा नाही," असे काका ती दाखविताना न चुकता म्हणतात. पण खंड्याची लसटोचणी दर वर्षी होते आणि तिची तारीख टपालखात्याच्या शिस्तीने एका वहीत नोंदलेली असते. नाव अर्थातच खंडोबावरून. जेजुरीच्या देवाबरोबर कुत्रा असतोच, आणि काकूंचे माहेर खंडोबाच्या उपासकांचे.

काकू फार सोवळ्याच्या. त्यांच्या हयातीत खंड्याची हद्द ओसरीच्या काठापर्यंत. रोज स्वयंपाक झाला की कावळ्याचा घास आणि कुत्र्याचा घास बाजूला निघे, आणि तो घास काकू स्वतः अंगणातल्या दगडावर नेऊन ठेवीत. पण खंड्याने उंबऱ्याकडे पाहिले तरी त्या "अं हं" करीत. आता अडविणारे कोणी नाही. काका थंडीत त्याला आत बोलावतात. तो मात्र उंबऱ्याशी येतो, माजघरात डोकावतो आणि मागे वळून ओसरीवर अंग टाकतो. आम्ही माणसे वडीलधाऱ्यांच्या माघारी त्यांचे किती नियम पाळतो, हा विचार त्याला पाहून माझ्या मनात आला व मी तो झटकन दूर सारला.

अशा रीतीने आमची स्वारी निघाली. खंड्या पुढे, मी दहा पावलांचे अंतर राखून मागे. तो वाड्याच्या भिंतीकडेने सरळ घाटावर गेला. पायऱ्या त्याने धावतच उतरल्या, पाणी प्यायला आणि घंटेच्या खाली सावलीत जाऊन पसरला. समोर कृष्णेचे शांत पाणी, पलीकडे उसाचे हिरवे पट्टे, त्यांवर पांडवगडाचा निळसर माथा. दोनचार बायका कपडे धूत होत्या. त्यांतली एक मला न्याहाळून म्हणाली, "मास्तरांचं पुतणं न्हवं? मास्तरांचा पाय कसा हाय?" मी बरे आहे म्हटले. पाच मिनिटांनी खंड्या उठला व पायऱ्या चढू लागला.

सात पायऱ्या चढून तो थांबला. मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, मी मागे राहिलो म्हणून थांबला असेल. मी जवळ गेलो तरी तो हलेना. थोडा वेळ गेला, मग चालू लागला. पुन्हा सात पायऱ्या, पुन्हा उभा. मी मनात म्हटले, नऊ वर्षे म्हणजे कुत्र्याचे उतारवयच. दमत असेल बिचारा. तेवढ्यात कठड्यावरून एक खार सुळकन पळाली. त्याबरोबर आमच्या या वृद्धाने जी झेप घेतली ती एका दमात थेट वरच्या पायरीपर्यंत! खार झाडावर निसटली. खंड्या क्षणभर झाडाखाली भुंकला, आणि मग जे त्याने केले त्याचे मला नवल वाटले. तो पुन्हा खाली आला, ज्या पायरीवर थांबला होता त्याच पायरीवर येऊन उभा राहिला, आणि मागे, माझ्या पायांकडे, पाहत राहिला.

दमलेला कुत्रा असे करीत नाही. तो थांबत होता, तो दुसऱ्या कोणासाठी तरी. पण त्या वेळी हा विचार माझ्या मनात अर्धाच उमटला.

वर आल्यावर तो एका लहानशा कौलारू घरापुढे जाऊन बसला. आतून एक म्हातारी बाई भाकरीचा चतकोर घेऊन आली. "आलास व्हय? दोन दीस कुठं हुतास?" असे त्याला विचारून तिने तो त्याच्यापुढे ठेवला. मी कोण हे कळताच तिने फडताळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणून माझ्या हाती दिले. सरकारकडून तिला दरमहा निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो सारा कारभार काका पाहतात. "मास्तर नसतं तर मी जित्ती हाय ह्ये सरकारला कुनी सांगितलं असतं?" ती म्हणाली. मी कागद चाळले. प्रत्येकावर कोपऱ्यात काकांच्या अक्षरात, कधी काय पाठविले त्याची तारीख होती.

पुढची आळी आली तेव्हा माझी कसोटी लागली. दोन घरांमधल्या बोळातून तीन कुत्री गुरगुरत पुढे आली. ती त्या आळीची मालक होती, आणि मी परका. माझ्या पोटरीतली जुनी जखम जागी झाली. पळावे असे पायांना वाटू लागले. पळणे हीच अशा वेळी सर्वांत मोठी चूक असते हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. पण पुस्तके पोटरीला वाचता येत नाहीत. खंड्या मात्र सावकाश माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. तो भुंकला नाही, दात दाखविले नाहीत. अंग आडवे धरून नुसता उभा राहिला. त्या तिघांनी त्याचा वास घेतला, माझ्याकडे एकदा तिरस्काराने पाहिले, आणि आपल्या जागी जाऊन बसली. माझा हात नकळत खंड्याच्या मानेवर टेकला होता, हे मला पुष्कळ वेळाने कळले. आठव्या वर्षानंतर कुत्र्याच्या अंगाला लागलेला तो माझा पहिला हात. त्यानंतर आमच्यातले दहा पावलांचे अंतर उरले नाही.

मग चहाचे दुकान आले. तेथे खंड्याला एक बिस्कीट मिळाले, आणि स्पर्धापरीक्षेला बसणाऱ्या दोन मुलांनी मला घेरले; काका त्यांना रोज एक इंग्रजी उतारा देतात आणि दुसऱ्या दिवशी तपासतात, दोन दिवसांचे उतारे तसेच पडून होते. एक उतारा मी तपासला. त्यात मास्तर जेथे एकच चूक दाखवितात तेथे तुम्ही सात दाखविल्या, असे एकाने मला नम्रपणे सुनावले. पुढे गावाबाहेर शेताकडे जाणाऱ्या वाटेवर लहानसा चढ लागतो. त्याच्या मध्यावर ओढ्याची मोरी आहे. तिच्या कठड्याशी जाऊन खंड्या चक्क खाली बसला.

येथे कोणी नव्हते. घर नाही, दुकान नाही, भाकरी नाही की बिस्कीट नाही. मी "चल" म्हटले; त्याने शेपटी हलविली, पण उठला नाही. नाइलाजाने मी कठड्यावर बसलो. शेताच्या दिशेने उकडत्या हळदीचा उग्र, ओला वास येत होता. वाई प्रांतात माघ-फाल्गुन म्हणजे हळदीचे दिवस. कंद खणायचे, मोठ्या काहिलीत उकडायचे, मग उन्हात वाळत घालायचे. मी घड्याळ पाहिले. बरोबर दहा मिनिटे होताच खंड्या उठला, अंग झाडले आणि चढ चढू लागला. वीस-पंचवीस पावलांवर पुन्हा थांबला. मागे पाहिले. पुन्हा चालू लागला.

तेव्हा माझ्या मनात अर्धा उमटलेला विचार पुरा झाला, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुत्रा चालतो तो आपल्या माणसाच्या पावलांनी. या कुत्र्याने गेले कित्येक दिवस एका अशा माणसाबरोबर ही वाट चालली होती, ज्याला सात पायऱ्यांवर थांबावे लागत होते आणि या लहानशा चढावर दहा मिनिटे बसावे लागत होते. काकांनी आम्हांला दर रविवारी दूरध्वनीवर "प्रकृती उत्तम" असे सांगावे, आणि त्यांच्या प्रकृतीचे खरे टिपण या मुक्या प्राण्याच्या पायांत लिहिलेले असावे! माझे वडील असेच जिन्यात थांबत. खिडकीतून बाहेर पाहण्याचे निमित्त करीत. आम्ही ते निमित्त खरे मानले, आणि ज्या दिवशी खोटे ठरले त्या दिवशी फार उशीर झाला होता.

हळदीच्या काहिलीपाशी आमचे शेत वाट्याने करणारा गृहस्थ भेटला. त्याने खुशाली विचारली, हिशेबाची वही पुढे केली. मी त्याच्याशी काय बोललो ते आता मला आठवत नाही. अकराला पाच मिनिटे कमी असताना खंड्याने मला अंगणात आणून सोडले.

जेवण झाले. दुपारी काका सुपारी कातरीत बसले असता मी त्यांच्यासमोर बसलो आणि शिष्टाईचे सारे अलंकार उतरवून ठेवून सरळ विचारले, "काका, पायऱ्या चढताना छातीत दुखते का?"

अडकित्ता थांबला. काकांनी माझ्याकडे पाहिले, मग ओसरीच्या काठावर झोपलेल्या खंड्याकडे. "म्हणजे चहाडी केलीस तर!" ते त्याला म्हणाले. खंड्याने मोडका कान हलविला.

मग हळूहळू सारे बाहेर आले. दसऱ्यापासून चढावर छाती जड होते. कोणी दगड ठेवावा तशी. डावा हात भरून येतो. बसले की पाचदहा मिनिटांत ओसरते, म्हणून काळजीचे कारण नाही, अशी त्यांनी आपली समजूत घातलेली. पायही मुरगळला तो अंगणात नव्हे, घाटावर. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून. "सांगितले नाही ते यासाठी," ते म्हणाले, "की सांगितले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. धर्मराजामागून चालणारा कुत्रा शेवटी यमधर्म निघाला, हे मलाही ठाऊक आहे. मागून कोण येत आहे ते मला कळते रे. पण तोवर माझी फेरी मला करू दे. तू हे भावांना सांगू नकोस."

वाचकहो, येथे मी मोठ्या पेचात सापडलो. सांगावे, तर ज्या माणसाने आयुष्यभर हजारो लोकांची पत्रे न उघडता पोचविली त्याचा एकच विश्वास मी मोडणार. आणि त्या सांगण्याचा शेवट ठरलेला, तिसरा मजला. न सांगावे, तर एखाद्या सकाळी खंड्या सातव्या पायरीवर थांबून मागे पाहील आणि मागे कोणी चढत नसेल. सकाळपर्यंत माझ्या मनात एकच पारडे होते. काकांचा एकटेपणा दूर करावयाचा, एवढेच मी घेऊन आलो होतो. पण आज मी ज्या वाटेने हिंडून आलो तिच्यावर मला एकटा माणूस कोठेच दिसला नव्हता. ती म्हातारी, ती मुले, तो वाटेकरी, सर्वांनी मला एकच प्रश्न विचारला होता: मास्तर केव्हा येणार? पोस्टमास्तर लोकांच्या हयातीचे दाखले धाडीत होते खरे; पण ज्या ज्या दारापुढे खंड्या बसला ते ते दार काकांच्या हयातीचा दाखला रोज देत होते. पुण्यात आम्ही त्यांना खोली देऊ शकलो असतो. हे दाखले कोठून देणार?

मी काकांना म्हटले, "मी लपविणार नाही, आणि चहाडीही करणार नाही. तुमच्या समोर बोलतो. मी चुकीचे बोललो तर मध्येच थांबवा." आणि ओसरीवर बसूनच मी तिघा भावांना एकापाठोपाठ दूरध्वनी केला. दुखणे सांगितले, त्याचबरोबर फेरीही सांगितली, पहिल्या पायरीपासून हळदीच्या काहिलीपर्यंत. काकांनी मला एकदाच थांबविले: बिस्कीट एक नव्हे, रोज अर्धे, असे त्यांचे म्हणणे पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईच्या डॉक्टरांनी तपासून ताबडतोब साताऱ्यास जाण्यास सांगितले. बसल्यावर थांबणारे दुखणे म्हणून दुर्लक्ष करावे हे सर्वांत धोक्याचे, असे त्यांनी काकांना चांगलेच खडसावले. साताऱ्यास तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली. तेथे जाळी बसविली, औषधे सुरू झाली. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. चार दिवस खंड्या शेजाऱ्यांकडे होता. अन्न शिवेना, घाटाच्या वरच्या पायरीवर बसून असे, असे मागाहून कळले.

राहण्याचा प्रश्न उरलाच होता. तो सोडविला थोरल्या वहिनींनी. साताऱ्याहून परतताना आम्ही वाईत थांबलो, तेव्हा गावात कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. वाईच्या सात घाटांवर हा उत्सव पाळीपाळीने होतो. एका घाटाचा संपला की दुसऱ्याचा. आरास पाहता पाहता वहिनी सहज म्हणाल्या, "देवी एक, आणि घाट सात. तरी सगळ्यांकडे जाते. आपण तर माणसे आठ आहोत. सेवेला पाळ्या लावता येणार नाहीत का?" चार पुतणे, चार सुना, प्रत्येक जोडप्याने वर्षातून तीन वेळा एकेक महिना मेणवलीस राहावयाचे. नोकरी असलेल्यांपैकी निदान एकाने राहावयाचे, दुसऱ्याने शनिवार-रविवार येऊन जावयाचे. काकांनी पुण्यास यावयाचे नाही. पुण्याने काकांकडे जावयाचे. जुन्या घरांत देवपूजेच्या पाळ्या असत, त्यांवरून भांडणेही होत. पण त्या पाळ्यांमुळे देवघरातला दिवा विझत नसे.

ही व्यवस्था फार सोपी आहे असा आव मी आणीत नाही. पहिल्याच महिन्यात रजेवरून, खर्चावरून, आणि काकांनी पथ्य मोडून खाल्लेल्या चिवड्यावरून कुरबुरी झाल्या. धाकट्या भावाची पाळी एकदा चुकली, तेव्हा मधल्याने ती भरून काढली आणि चार दिवस अबोला धरला. परंतु फाल्गुनापासून आजतागायत घर बंद पडलेले नाही. माझी कन्या आपल्या पाळीच्या वेळी माझ्याबरोबर आली आणि आता त्या दोन मुलांचे इंग्रजी उतारे पुण्याहूनच तपासून धाडते. तीही एकच चूक दाखविते. काकांनी तिला तसे बजावून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात माझी पाळी होती. पहाटेचे धुके उठल्यावर आम्ही तिघे घाटावर गेलो. परत फिरलो तेव्हा काका आपले सावकाश, पण न थांबता पायऱ्या चढू लागले; डॉक्टरांनी आता तशी परवानगी दिली आहे. सात पायऱ्या झाल्या. खंड्या आपल्या जुन्या पायरीवर उभा राहिला आणि मागे वळून पाहू लागला. त्याला कोणी सांगावे की आता थांबण्याचे कारण उरले नाही? काका दोन पायऱ्या पुढे गेले होते. ते परत फिरले, त्याच पायरीवर उतरून त्याच्या शेजारी उभे राहिले आणि नदीकडे पाहत मला म्हणाले,

"थांब जरा. याला दम घेऊ दे."